सर्वो बदलले, रिसीव्हर बदलला, तरी विमान हवेत झटके खातंय? आधी हे बघा

रिमोटवर उडणाऱ्या मॉडेल विमानांचा हा प्रॉब्लेम इतक्या जणांना येतो आणि इतक्या वेळा परत येतो की एकदा सगळं नीट लिहून काढायचं बरेच दिवस मनात होतं. लक्षण साधारण असं, की विमान टेबलावर अगदी शहाण्यासारखं वागतं, सगळे सरफेस, म्हणजे विमान वळवणाऱ्या हलत्या पट्ट्या, नीट हलतात, आणि वर गेलं की तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला एखादं एलेरॉन, म्हणजे पंखावरची पट्टी, झटका मारतं, नाहीतर विमान दोन-तीन सेकंद काही ऐकतच नाही आणि मग अचानक हातात परत येतं. मग आपण पहिलं काय करतो तर रिसीव्हर, म्हणजे हातातल्या ट्रान्समीटरचा सिग्नल घेणारा विमानातला भाग, बदलतो. चार फ्लाइट बऱ्या जातात, परत तेच. मग सर्वो, म्हणजे सरफेस हलवणाऱ्या छोट्या मोटरी, बदलतो, तेही आधीच्यापेक्षा जास्त टॉर्कचे, म्हणजे जास्त जोराचे, घेतो, आणि प्रॉब्लेम कमी व्हायच्या ऐवजी वाढतो.

मी यातून पूर्ण गेलोय म्हणून सांगतोय. माझं विमान फोमचं, १.४ मीटर विंगस्पॅन, ३एस (तीन सेलची) बॅटरी, एलेरॉनला दोन आणि शेपटीवरच्या एलिव्हेटर-रडरला एकेक असे चार सर्वो, आणि ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट, ४० अँपिअरचा, ज्याच्या आतच बीईसी, म्हणजे बॅटरीचं व्होल्टेज कमी करून रिसीव्हर-सर्वोंना देणारा भाग, होता. सुरुवातीला सगळे ९ ग्रॅमचे प्लॅस्टिक गिअरवाले साधे अ‍ॅनालॉग सर्वो होते आणि वर्षभर काही तक्रार नव्हती. एका लँडिंगला एलेरॉन गवतात अडकलं आणि एक सर्वो गेला, उघडून बघितला तर आतल्या नायलॉनच्या दुसऱ्या गिअरचे शेजारशेजारचे दोन दात साफ उडालेले, बाकी सर्वो ठणठणीत. तेव्हा वाटलं आता चारही मेटल गिअरचे डिजिटल लावून टाकू, कटकट संपेल. तिथून पुढे सात-आठ महिने मी जे शोधत होतो ते सर्वोतही नव्हतं आणि रिसीव्हरमध्येही नव्हतं. रोग म्हशीला आणि औषध पखालीला म्हणतात ना, तसं चाललं होतं.

म्हणून काहीही विकत घ्यायच्या आधी एक गोष्ट ठरवा, ती म्हणजे झटका एकाच सर्वोला येतोय की सगळ्यांना एकदम. हे ऐकायला फारच साधं वाटतं पण अर्धं निदान इथेच होतं.

जुन्या ३५ किंवा ७२ मेगाहर्ट्झच्या एफएम रेडिओत सिग्नल खराब झाला की सर्वो थरथरायचे, कारण जे काही वाकडंतिकडं यायचं ते रिसीव्हर सरळ सर्वोला द्यायचा. २.४ गिगाहर्ट्झमध्ये तसं होत नाही. इथे स्टिकची पोझिशन आकड्यांच्या पॅकेटमधून येते, प्रत्येक पॅकेट बरोबर आलंय का हे रिसीव्हर तपासतो, खराब असेल तर ते फेकून देतो आणि सर्वोला आधीची पोझिशन धरून ठेवायला सांगतो, आणि बराच वेळ काहीच चांगलं आलं नाही तर फेलसेफमध्ये, म्हणजे आधी ठरवून ठेवलेल्या पोझिशनवर, जातो. म्हणजे रेडिओची लिंक गेली की सर्वो थरथरत नाहीत, ते गोठतात. एकच सर्वो थरथरतोय आणि बाकीचे तीन शांत आहेत, तर तो रिसीव्हरच्या रेंजचा प्रॉब्लेम जवळजवळ नसतोच, त्यासाठी महागडा रिसीव्हर आणून काही होणार नाही.

याला एक अपवाद आहे आणि तो सांगायलाच हवा. फ्रस्काय कंपनीच्या एसीसीएसटी डी१६ या प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे ट्रान्समीटर-रिसीव्हरच्या भाषेत, क्वचित परिस्थितीत सर्वो स्वतःहून हलायचा असा दोष होता, २०२० मध्ये त्यासाठी व्हर्जन २ चं फर्मवेअर आलं. पण ते ट्रान्समीटर आणि रिसीव्हर दोन्हीकडे टाकावं लागतं, एकीकडे १ आणि दुसरीकडे २ असेल तर बाइंडच होत नाही, म्हणजे दोघांची जोडीच जमत नाही. सेकंडहँड रेडिओ घेतलाय आणि नवा रिसीव्हर काही केल्या बाइंड होत नाही, असं असेल तर हे आधी बघा.

एकच सर्वो झटके देतोय असं दिसलं तर तो सर्वो आणि शेजारचा सर्वो रिसीव्हरवर अदलाबदल करून लावा. झटका सर्वोबरोबर गेला तर सर्वो किंवा त्याची वायर खराब, झटका त्याच चॅनलवर राहिला तर रिसीव्हरची पिन किंवा रेडिओतलं मिक्सिंग (कुठल्या स्टिकने कुठलं चॅनल हलतं ती सेटिंग) बघायचं. सर्वोच्या आत आऊटपुट शाफ्टला जोडलेला एक छोटा पोटेन्शिओमीटर असतो, तो सर्वोला सांगतो की आपण आत्ता कुठे आहोत. वर्षानुवर्षं विमान एकाच न्यूट्रलच्या आसपास उडतं, मोटरचं व्हायब्रेशन चालू असतं, त्यामुळे तो नेमका मधल्या जागेवर झिजतो. असा सर्वो एका ठराविक कोनातच थरथरतो, तिथून पुढे नेला की गप्प. तसं झालं तर दुरुस्तीच्या नादी लागू नका, सर्वो बदला.

आता दुसरा प्रकार, सगळेच एकदम. सगळे सर्वो एकदम झटका मारतात किंवा सगळंच दोन सेकंद मेल्यासारखं होतं आणि परत जिवंत होतं, तर पहिला संशय पॉवरवर घ्या, रेडिओवर नाही. रिसीव्हर हा आता एक छोटा कॉम्प्युटर आहे, त्याच्या आत साधारण ३.३ व्होल्टवर चालणारी चिप असते आणि बऱ्याच रिसीव्हरना बाहेरून साधारण ३.५ व्होल्ट तरी लागतात. सर्वोंनी एकदम करंट खेचला, व्होल्टेज क्षणभर त्याच्या खाली गेलं की हा कॉम्प्युटर बंद पडतो, परत चालू होतो, परत ट्रान्समीटर शोधतो, आणि तेवढ्यात विमान किती खाली आलेलं असतं ते ज्याने बघितलंय त्याला विचारा. यालाच ब्राउनआऊट म्हणतात. स्पेक्ट्रम कंपनीच्या बऱ्याच रिसीव्हरमध्ये असं झालं की नंतर एलईडी हळू लुकलुकत राहतो, विमान उतरलं की बॅटरी काढायच्या आधी तो दिवा बघायचा, बॅटरी काढली की पुरावा गेला.

माझ्या विमानात मी मल्टिमीटरने मोजलं होतं, रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनलवर ४.९ व्होल्ट, स्टिक हलवल्या तरी ४.८. मी म्हटलं पॉवर एकदम ओके, आणि पुढचे तीन महिने तिकडे बघितलंच नाही. मैदानावर एक जुने काका उडवायला येतात, ते म्हणाले, "अरे, मीटर सेकंदाला दोन-तीन वेळाच बघतो, खड्डा तेवढ्यात येऊन जातो. एकदा ऑसिलोस्कोप लाव." मग एका मित्राचा छोटा स्कोप, म्हणजे व्होल्टेजची रेघ क्षणाक्षणाला दाखवणारं यंत्र, लावला आणि सगळ्या स्टिक एकदम कोपऱ्यात आपटल्या. ५ व्होल्टची रेघ सरळ चाललेली, आणि आपटल्याबरोबर ३.२ पर्यंत खाली जाणारा एक खड्डा, चार-पाच मिलीसेकंद रुंद, की परत वर. मीटरवर तेव्हाही ४.९ च दिसत होते. तो खड्डा बघितला आणि आधीचे सगळे महिने डोळ्यासमोर आले.

स्कोप सगळ्यांकडे नसतो, मान्य. पण टेलिमेट्री असलेला रिसीव्हर असेल तर तो स्वतःच्या व्होल्टेजचा आकडा खाली ट्रान्समीटरला पाठवतो आणि बहुतेक रेडिओत त्याचा किमान आकडा साठवलेला राहतो, उतरल्यावर तो बघा. टेलिमेट्रीपण अगदी छोटे खड्डे पकडेलच असं नाही, पण किमान आकडा ४.३ वगैरे दिसला तर खरा खड्डा त्याच्याही खाली गेला असणार असं धरून चाला.

हा खड्डा का पडतो ते समजून घेतलं तर सर्वो निवडणं आपोआप सोपं होतं. अ‍ॅनालॉग सर्वो सिग्नलच्या प्रत्येक फ्रेमला, म्हणजे सेकंदाला साधारण ५० वेळा मोटरला धक्का देतो. डिजिटल सर्वोत प्रोसेसर असतो, तो तेच काम सेकंदाला ३०० च्या आसपास करतो, त्यामुळे तो पोझिशन घट्ट धरतो, चटकन जातो, आणि हे सगळं फुकट होत नाही, करंट जास्त खातो, नुसता धरून ठेवायलासुद्धा खातो. ९ ग्रॅमचा साधा सर्वो अडकला की साधारण पाऊण अँपिअर घेतो, मेटल गिअरचा जरा मोठा डिजिटल दीड-दोन घेतो, स्टँडर्ड साइजचे जास्त टॉर्कवाले तीनच्या पुढे जातात. आता माझे चार सर्वो धरा, एकदम दिशा बदलली तर क्षणभर प्रत्येकजण जवळजवळ अडकल्यासारखाच करंट घेतो, म्हणजे सहा-सात अँपिअर. आणि ईएससीच्या स्टिकरवर लिहिलेलं होतं बीईसी ५ व्होल्ट ३ अँपिअर.

त्यातही ते ३ अँपिअर कुठल्या प्रकारचे हे बघावं लागतं. लिनिअर बीईसी जास्तीचं व्होल्टेज उष्णता करून घालवतो. ३एस फुल चार्ज १२.६ व्होल्ट, त्यातून ५ काढायचे तर उरलेले ७.६ व्होल्ट जाळायचे, म्हणजे १ अँपिअर चालू असला तरी नखाएवढ्या चिपवर ७.६ वॉट गरमी. ४एस लावली तर तेच ११.८ वॉट. म्हणून लिनिअर बीईसीचा स्टिकरवरचा आकडा ३एस, ४एसवर खरा राहत नाही, ईएससीबरोबरच्या कागदावर किती सेलवर किती सर्वो चालतील याचं कोष्टक असतं ते वाचा, सेल वाढले की सर्वोंची संख्या कमी होत जाते. शिवाय चिप फार तापली की स्वतःला वाचवायला बंद पडते. मला रिसीव्हर बदलल्यावर सहा फ्लाइट छान मिळाल्या होत्या त्याचं कारण आता कळतं, ते सगळे थंडीतले सकाळचे फ्लाइट होते आणि नवीन रिसीव्हर आहे म्हणून मी हळूच उडवत होतो. रिसीव्हरचा त्यात काही हात नव्हता.

बरेचजण सांगतात की रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनलला मोठा कपॅसिटर लावा म्हणजे झालं. मी पण लावला होता, ४७०० मायक्रोफॅरडचा. हिशेब करून बघा, ४ अँपिअरचा लोड असेल तर हा कपॅसिटर १ व्होल्ट खाली यायला जेमतेम १.२ मिलीसेकंद लावतो. माझा खड्डा चार-पाच मिलीसेकंदांचा होता. म्हणजे टोकदार खिळे तो बुजवतो, लहानसहान दचके घालवतो, पण बीईसी कमी पडत असेल तर तो वाचवू शकत नाही. लावायला हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

खरा उपाय म्हणजे वेगळा स्विचिंग बीईसी, जो लिनिअरसारखं जास्तीचं व्होल्टेज जाळत बसत नाही. सगळ्या सर्वोंच्या अडकल्यावरच्या करंटची बेरीज करा, त्याच्या निम्म्याहून जास्त जो सतत देऊ शकेल आणि थोडा वेळ पूर्ण देऊ शकेल असा घ्या. माझ्यासारख्या विमानाला सतत ५ अँपिअरचा पुरतो. तो लावताना ईएससीच्या तीन वायरच्या प्लगमधली मधली लाल वायर काढायची, म्हणजे दोन बीईसी एकमेकांना भिडणार नाहीत. कापू नका, प्लगच्या खिडकीतली बारीक पट्टी सुईने उचलली की पिन अलगद मागे सरकते, तिला टेप गुंडाळून वायरच्या बाजूला दुमडून ठेवा, पुढेमागे लागली तर परत घालता येते. ईएससीवर ऑप्टो लिहिलं असेल तर आत बीईसी नसतोच.

जे इंजिनवाली विमानं उडवतात आणि रिसीव्हरला वेगळी बॅटरी लावतात त्यांच्याकडे बीईसी नसतो पण हाच रोग वेगळ्या जागी असतो. स्प्रिंगवाल्या होल्डरमध्ये एए सेल घालून उडवू नका, व्हायब्रेशनने स्प्रिंग क्षणभर सुटते आणि काम तमाम, सोल्डर केलेला पॅकच वापरा. चार सेलचा एनआयएमएच (निकेलवाल्या सेलचा) ४.८ व्होल्टचा पॅक डिजिटल सर्वोंना कमी पडतो, पाच सेल किंवा २एस एलआयएफई (लिथियम-आयर्न), ६.६ व्होल्ट, घेताना सर्वो आणि रिसीव्हर दोघांना तेवढं चालतं का बघा. आणि बॅटरी-रिसीव्हरच्या मधला तो छोटा काळा स्विच, त्याच्या आतली पातळ पत्री आणि बारीक वायर, मोठ्या सर्वोंना तो गळा आवळल्यासारखा असतो. जाड वायरचा घ्या.

पण थांबा, बीईसी बदलून माझे झटके गेले तरी गोष्ट संपली नव्हती. मी रिसीव्हरच्या लाल वायरमध्ये सिरीजमध्ये अँपिअर मीटर लावला आणि एकेक सर्वो जोडत गेलो. तीन सर्वो जोडले, सगळं न्यूट्रलला, पाव अँपिअरच्या आसपास. चौथा, उजवं एलेरॉन, जोडलं आणि आकडा थेट १.१ झाला, स्टिकला हातसुद्धा लावलेला नाही. कान जवळ नेला तर बारीक घूंऽऽ असा आवाज. पुशरॉड, म्हणजे सर्वो आणि सरफेस जोडणारी सळी, अर्धा मिलिमीटर जास्त लांब होता, सरफेस न्यूट्रलला असताना सर्वो मात्र त्याला अजून वर ढकलत होता आणि ट्रिमने (न्यूट्रल थोडं सरकवायच्या बटणाने) मी ते झाकलं होतं, शिवाय फोमच्या हिंजवर (बिजागरीवर) पेंट साचून ती कडक झाली होती. आधीचा प्लॅस्टिकचा अ‍ॅनालॉग सर्वो इथे बिचारा हार मानून बसायचा, अर्धा डिग्री कमी जायचा, करंट नाही, तक्रार नाही. डिजिटल हार मानत नाही, पूर्ण फ्लाइटभर ढकलत बसतो. म्हणजे चांगला सर्वो लावल्यामुळे जुनी चूक बाहेर आली. हिंज मोकळी केली, पुशरॉडच्या टोकाचा क्लेव्हिस (स्क्रूसारखा फिरणारा चिमटा) फिरवून पुशरॉड नीट बसवला, ट्रिम शून्यावर आणलं, करंट चारही मिळून पाव अँपिअर.

त्यामुळे सर्वो बदललात की दर वेळी हे करा. पुशरॉड काढून सरफेस दोन बोटांनी वरपासून खालपर्यंत हलवून बघा, कुठेही अडता कामा नये. जोडल्यावर स्टिक टोकाला नेऊन कान लावा. टोकाला गुरगुर आली तर सर्वो कशाला तरी भिडलाय, तिथे रेडिओतून ट्रॅव्हल (हालचाल) कमी करण्याआधी हॉर्नचं, म्हणजे पुशरॉड अडकवायच्या हाताचं, भोक बदलून बघा. सर्वोकडे आतलं भोक आणि सरफेसकडे बाहेरचं भोक, सर्वोचा हात १० मिलिमीटर आणि सरफेसचा हॉर्न २० मिलिमीटर असेल तर सरफेसला दुप्पट टॉर्क मिळतो, सर्वोचा खुळखुळेपणा निम्मा होतो, फक्त हालचाल निम्मी. उलट करून रेडिओतून ५० टक्क्यांवर आणणारे खूप बघितलेत, त्यात सर्वोचा अर्धा प्रवास वाया जातो आणि गिअरमधली सगळी ढिलाई सरफेसवर दुप्पट होऊन येते. जोरात डाइव्ह मारल्यावर एलेरॉन फडफडायला लागतं त्याचं मूळ कित्येकदा हेच असतं.

आता निवडायचं कसं. सर्वोच्या जाहिरातीत टॉर्कचा आकडा सगळ्यात मोठा छापलेला असतो आणि आपण तोच बघतो. १.२ ते १.४ मीटरच्या फोम विमानाला २ किलो-सेंटिमीटर भरपूर होतो. त्याच्या जागी ४ किलो लावून उडण्यात फरक पडत नाही, करंट मात्र वाढतो. ज्याने उडण्यात खरंच फरक पडतो ते म्हणजे सेंटरिंग, सर्वो वरून आला आणि खालून आला तरी त्याच जागी थांबतो का. हे कुठल्याच डब्यावर लिहिलेलं नसतं, पण घरी पाच मिनिटांत मोजता येतं. सर्वो टेबलाला चिकटपट्टीने घट्ट लावा, हॉर्नवर २० सेंटिमीटर लांब बांबूची काडी चिकटवा, टोकाखाली कागद ठेवा. स्टिक वर नेऊन सोडा, टोकाखाली पेन्सिलने खूण करा, खाली नेऊन सोडा, परत खूण. एवढ्या लांबीवर १ डिग्री म्हणजे साडेतीन मिलिमीटर. चांगला सर्वो दोन्ही खुणा मिलिमीटर-दीड मिलिमीटरच्या आत ठेवतो. मी घेतलेल्या स्वस्तातल्या चारांपैकी एक सहा मिलिमीटर चुकत होता, म्हणजे जवळजवळ पावणेदोन डिग्री, तो एलिव्हेटरला होता आणि मी प्रत्येक लूपनंतर परत ट्रिम करत होतो, विमानाचा बॅलन्स चुकला म्हणून बॅटरी पुढेमागे सरकवत होतो. लोकप्रिय ९ ग्रॅम सर्वोंच्या नकला इतक्या आहेत की एकाच पिशवीतले दोन सर्वो सारखे नसतात, म्हणून जेवढे घेतले तेवढे सगळे तपासायचे, एक तपासून बाकीचे धरून चालायचं नाही. सर्वो टेस्टरवर दहा मिनिटं फिरवत ठेवा आणि मग बोट लावा, चटका बसला तर तो बाजूला.

गिअर मेटलचा की प्लॅस्टिकचा याबद्दल माझं मत या सगळ्यानंतर बदललंय. नायलॉनचा गिअर धक्क्याला तुटतो आणि तुटला की लगेच कळतं. मेटलचा तुटत नाही, पण झिजतो, हळूहळू खेळ वाढतो, आणि ते कुणी मोजत नाही. जिथे जमिनीचा धक्का थेट बसतो, खाली लटकणारी एलेरॉन, फ्लॅप, नोजव्हीलचं स्टिअरिंग, तिथे मेटल. एलिव्हेटरला मला आता चांगल्या सेंटरिंगचा प्लॅस्टिक किंवा हायटेक कंपनीच्या कार्बोनाइटसारखा कडक रेझिनचा गिअर जास्त आवडतो. महिन्यातून एकदा सरफेसचं मागचं टोक बोटात धरून हलवून बघा, दोन मिलिमीटरच्या वर खुळखुळ आली तर कारण शोधा.

घेताना फसायच्या दोन-तीन जागा. पहिली, व्होल्टेज. हाय व्होल्टेज लिहिलेले सर्वो २एस लायपो थेट, म्हणजे ८.४ व्होल्टपर्यंत घेतात, साधे ६ च्या पुढे जळतात, आणि एकाच विमानात एक सर्वो साधा राहिला तर बीईसी त्याच्या हिशेबाने ठेवावा लागतो. दुसरी, हेलिकॉप्टरच्या शेपटीसाठी बनवलेले ७६० मायक्रोसेकंदवाले सर्वो कधीकधी सुटे मिळतात, आपल्या विमानाच्या सिग्नलचा मध्य १५०० किंवा १५२० मायक्रोसेकंद असतो, ते त्याच्यावर चालत नाहीत. तिसरी, हॉर्नचे दात. फुटाबाच्या शाफ्टला २५ दात, हायटेकच्या जुन्या मालिकांना २४, जेआरला २३. एक दात इकडेतिकडे असलेला हॉर्न दाबून बसतोसुद्धा आणि हवेत सुटतो, म्हणून सर्वोबरोबर आलेलाच हॉर्न वापरा आणि मधला स्क्रू विसरू नका. प्लगचं टेन्शन घेऊ नका, लाल कायम मध्ये असतो, फुटाबाच्या प्लगला बाजूला एक कडा असते ती काही रिसीव्हरमध्ये जात नाही, ब्लेडने तासून टाका. सिग्नलची वायर, पांढरी किंवा नारिंगी, कुठल्या बाजूला ते मात्र रिसीव्हरवर बघून लावा.

रिसीव्हरचं सांगायचं तर पहिला प्रश्न कंपनीचा नाही, प्रोटोकॉलचा आहे. फुटाबाचं एस-एफएचएसएस आणि फास्ट वेगळं, स्पेक्ट्रमचं डीएसएम२ आणि डीएसएमएक्स, फ्लायस्कायचं एएफएचडीएस २ए, फ्रस्कायचं डी८, डी१६ आणि अ‍ॅक्सेस, एकाचं दुसऱ्याला कळत नाही. फ्रस्कायच्या डी१६ मध्ये पुन्हा एफसीसी (अमेरिकेच्या नियमांचं) आणि युरोपवालं एलबीटी असे दोन भाग आहेत, ते एकमेकांशी बाइंड होत नाहीत. मल्टिप्रोटोकॉल मॉड्यूल (अनेक कंपन्यांच्या भाषा बोलणारं) वापरत असाल आणि फ्रस्कायसारखा रिसीव्हर बाइंड तर होतो पण थोड्या अंतरावरच तुटतो, तर रिसीव्हरला दोष देण्याआधी रेडिओतलं आरएफ फ्रिक्वेन्सी फाइन ट्यून एकदा करा. दोन्ही टोकांना लिंक जिथे तुटते ते आकडे घ्यायचे आणि मधला आकडा ठेवायचा, बस.

एक्सप्रेसएलआरएस ही रेडिओ लिंक सध्या खूपजण विमानात लावताहेत आणि त्यात एकच प्रश्न सारखा येतो, की दुसरं एलेरॉन चॅनल ५ वर लावलं आणि ते मधे थांबतच नाही, एकदम वर नाहीतर एकदम खाली. सर्वो खराब नाही. त्यात चॅनल ५ हा आर्मिंगसाठी (मोटर चालू व्हायची परवानगी देणाऱ्या स्विचसाठी) राखलेला असतो आणि नेहमीच्या मोडमध्ये तो फक्त दोनच पोझिशन पाठवतो. रेडिओत स्विच मोड वाइड ठेवा (हायब्रिडमध्ये चॅनल ६ लाही मोजक्याच पोझिशन मिळतात), दुसरं एलेरॉन चॅनल ६ वर द्या आणि रिसीव्हरच्या वेब पेजवर जाऊन त्या पिनला चॅनल ६ जोडा. तिथेच फेलसेफची पोझिशनपण ठरवता येते. ट्रान्समीटर आणि रिसीव्हरचं मुख्य व्हर्जन सारखं हवं, २ आणि ३ एकमेकांशी बोलत नाहीत. आणि फ्रेम रेट, म्हणजे सर्वोला सेकंदाला किती वेळा सिग्नल जातो तो आकडा, साध्या अ‍ॅनालॉग सर्वोला ५० हर्ट्झ द्या, ३३३ हर्ट्झ दिलेत तर तो गरम होऊन जळतो. स्पेक्ट्रममध्ये ११ मिलीसेकंद आणि २२ मिलीसेकंद अशी निवड असते तिथे अ‍ॅनालॉग सर्वो असतील तर २२.

लिंक खरंच तुटतेय, म्हणजे सगळं गोठतं पण व्होल्टेज मात्र स्थिर आहे, अशी खात्री झाली तरच अँटेना बघायला घ्या. रिसीव्हरच्या कोएक्स वायरच्या टोकाला जो ३१ मिलिमीटरचा उघडा तुकडा असतो तोच खरा अँटेना, बाकीची जाड वायर फक्त तिथपर्यंत पोचवते. तो तुकडा सरळ हवा, कार्बनच्या नळीपासून, बॅटरीपासून, ईएससीच्या वायरपासून लांब हवा, दोन अँटेना असतील तर एकमेकांना ९० अंशात. कापायचा नाही, वळवून टेपने गुंडाळायचा नाही. छोटे, एका आखूड अँटेनाचे रिसीव्हर घरातल्या किंवा पार्कमधल्या हलक्या विमानांसाठी असतात, मोठ्या विमानात वजन वाचवायला ते लावू नका, तिथे ५ ग्रॅमचा फरक कुणालाच कळत नाही. मग रेंज चेक मोडमध्ये (ट्रान्समीटरची ताकद मुद्दाम कमी करणारी सेटिंग) तीस पावलं लांब जाऊन बघा, आणि हे मोटर बंद ठेवून नाही, कुणीतरी विमान मागून घट्ट धरायचं, मोटर अर्ध्या थ्रॉटलला, आणि तुम्ही तिकडून सगळ्या स्टिक हलवायच्या. मोटर बंद असताना पास आणि चालू झाल्यावर नापास, तर परत पॉवर आणि वायरिंग.

फेलसेफ नवीन रिसीव्हर लावल्यावर दर वेळी नव्याने बसवावा लागतो, हे खूपजण विसरतात आणि त्यात कुणाला तरी लागू शकतं. काही रिसीव्हर ठरवून दिलं नाही तर शेवटची पोझिशनच धरून बसतात, म्हणजे लिंक गेली तेव्हा फुल थ्रॉटल असेल तर विमान फुल थ्रॉटलनेच जाणार. प्रॉपेलर काढा, मोटर थोडी चालू करा, ट्रान्समीटर बंद करा. मोटर थांबली पाहिजे. नाही थांबली तर त्या दिवशी उडवू नका, मग मित्र कितीही थांबलेले असोत.

माझ्या विमानात आता ६ व्होल्टचा ५ अँपिअरचा स्विचिंग बीईसी आहे, एलेरॉनला मेटल डिजिटल, एलिव्हेटर आणि रडरला प्लॅस्टिक गिअरचे अ‍ॅनालॉग, आणि रिसीव्हर तोच, ज्याला मी पहिल्यांदा दोष देऊन डब्यात टाकला होता. दर फ्लाइटनंतर टेलिमेट्रीतला किमान व्होल्टेजचा आकडा वहीत लिहितो. परवाचा ५.८ होता.